पेगराव

"आज पेगच वाईट मिळाला," शेजारी कुंपणापलीकडून म्हणाले.

इंग्लंडात येऊन मला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. रविवारची संध्याकाळ, समोरच्याचा चेहरा उतरलेला. तेव्हा पबवाल्यानं व्हिस्कीत पाणी घातलं असणार असं समजून मी हळहळलो. "कुठला होता?" म्हटलं. "तेवीस," ते म्हणाले. तेवीस पेग पोटात असून हा माणूस सरळ उभा राहून बोलतोय, या विचारानं मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला, तो पुढे खुलासा झाल्यावरही पुरता ओसरलेला नाही. आमच्या घरात त्यांचं नाव तेव्हापासून पेगराव.

पेग म्हणजे तळ्याकाठची नंबर घातलेली बसायची जागा. शेतजमिनीत तळी खणायची, त्यांत कार्प मासे ठासून सोडायचे आणि दिवसाचे पैसे घेऊन लोकांना गळ टाकू द्यायचे, हा धंदा इकडे १९८० नंतर फोफावला. आमच्या मिडलंड्समध्ये तर गाडीनं तासाभरात अशी दहा तळी लागतील. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कार्पसारख्या माशांसाठी गळ टाकायला बंदी असते. तळ्यांवरची ही बंदी १९९५ मध्ये बहुतेक ठिकाणी उठली आणि पेगरावांना वर्षाचे बावन्न रविवार मोकळे झाले. त्या साली देशात आणखी काय काय घडलं ते त्यांच्या बायकोला आठवत नाही; हे मात्र आठवतं.

एका रविवारी ते मला घेऊन गेले. मी मालवणचा. लहानपणी गरवायला जायचो म्हणजे बांबूची काठी, दोरा, गरी आणि शेजाऱ्याच्या परसातली गांडुळं. पेगरावांच्या व्हॅनमधून उतरलेलं सामान पाहून हे बिऱ्हाड हलवतायत असं वाटलं. ते वाहायला चाकांची गाडी, खणाखणांची पेटी (तीच खुर्ची), आणि तुकडे जोडत जोडत सोळा मीटर होणारा कार्बनचा पोल. पोलची किंमत तीन हजार पौंड, म्हणजे आपले तीन लाखांच्या वर. पोलच्या पोटातून रबर ओवलेलं असतं, मासा पळाला की ते ताणतं. वरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे पाटी असते, कारण कार्बनमधून वीज खेळते. टोकाला लहान मुलांच्या चॉकलेटच्या अंड्यातून निघते तशी डबी. तिच्यात चिमूटभर दाणे भरायचे आणि सोळा मीटरवर नेऊन, घड्याळजीच्या हातानं, माशांच्या डोक्यावर उपडी करायची.

एवढं करून, दिवसाच्या शेवटच्या तासाला कार्प आपणहून काठाशी येतात. अगदी पायाशी. हे पेगरावांनीच मला सांगितलं. "मग सोळा मीटर कशाला?" असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे, वारीला गाडीनं का जात नाही असं विचारणाऱ्याकडे पाहावं, तसं पाहिलं.

रविवारी स्पर्धा असते आणि कोणाला कुठला पेग, याच्या सकाळी चिठ्ठ्या निघतात. थैलीत हात घालताना पेगराव डोळे मिटतात. कोपऱ्यातला पेग मिळाला तर उच्चीचा गुरू, वारा तोंडावर येत असेल तर राजयोग, कारण वाऱ्यामागून मासे येतात. मधला पेग, दोन्हीकडे माणसं, पाठीवर वारा, म्हणजे साडेसाती. चिठ्ठी उघडून ते "हं" म्हणतात. या एका "हं"मध्ये संध्याकाळच्या पराभवाची सगळी कारणं लिहून तयार असतात. पुढचे पाच-सहा तास नुसती अंमलबजावणी.

मग "ऑल इन!" अशी आरोळी होते आणि चाळीस प्रौढ माणसं एकदम पाण्यात दाणे फेकू लागतात. १६५३ साली आयझॅक वॉल्टननं गळ टाकण्यावर पुस्तक लिहिलं ते शांत, विचारी माणसाचा विरंगुळा म्हणून. पेगरावांच्या हाताशी क्लिकर होता. मासा जाळ्यात गेला की अंदाजानं वजन मोजून टिक, टिक. पाण्यातल्या एका जाळ्यात पन्नास पौंडांपर्यंतच मासे ठेवायचे, असा तिथला नियम. वरचे मोजत नाहीत. शेजारच्या पेगवाल्यानं "किती झाले?" विचारलं, तर पेगराव म्हणाले, "काही नाही रे, चाळीस असतील." क्लिकर पंच्याहत्तर दाखवत होता. हा सूर मला ओळखीचा वाटला. पेपर अवघड गेला म्हणून रडणारा आणि निकालाला पंच्याण्णव टक्के घेऊन येणारा मुलगा आमच्या वर्गातही होता.

संध्याकाळी वजन झालं आणि सगळे मासे परत पाण्यात. शंभर शंभर पौंड, म्हणजे पंचेचाळीस किलो मासे माझ्या डोळ्यांदेखत! रात्री आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प. "दिवसभर धरले नि सोडून दिले?" "हो." "कसले मासे?" कार्प म्हणजे रोहू-कटल्याचे भाऊबंद, आपल्या बाजारात सायप्रिनस म्हणून येतो तोच, असं मी समजावलं. "म्हणजे गोड्या पाण्यातले ना?" आई म्हणाली, "मग सोडले ते बरंच केलं."

१९९४ पासून इथे 'फिश-ओ-मेनिया' नावाची मोठी स्पर्धा होते, टीव्हीवर दाखवतात. तिच्या एका पात्रता फेरीत पेगराव बसले होते. त्यांच्या डावीकडच्या पेगवरचा माणूस पुढे गेला. हे ते अशा थाटात सांगतात की फायनलला जायचं त्यांचंच होतं, पोस्टमननं पत्र शेजारी टाकलं. त्यांच्या घरात मात्र त्यांची एकच पदवी आहे: गळाला लावायच्या अळ्यांच्या डब्याचं झाकण एकदा सैल ठेवणारा. तेव्हापासून अळ्या आणि त्यांचा फ्रिज गॅरेजमध्ये आहेत.

गेल्या ऑक्टोबरात पेगराव पहिले आले. एकशे बारा पौंड. मी काठावर टाळ्या वाजवत होतो. आणि रांगेतून एकेक माणूस येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "छान पेग मिळाला तुला." वीस वर्षं प्रत्येक विजेत्याला पेगराव हेच वाक्य म्हणत आलेत. बक्षिसाचं पाकीट त्यांनी न मोजता खिशात घातलं. व्हॅनमध्ये एक शब्द नाही. मी वाऱ्याचा विषय काढून पाहिला, तोही चालला नाही.

दारात बायकोनं विचारलं, "कसं झालं?"

"पहिला आलो," ते म्हणाले. जरा थांबले. "पण पेगच तसा होता." आणि उरलेल्या अळ्या घेऊन गॅरेजकडे गेले.