हिरवा टी-शर्ट, शंभर टक्के पॉलिस्टर

५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनी, आपल्या शहरांत झाडांपेक्षा हिरवे टी-शर्टच जास्त उगवतात. छातीवर ‘वसुंधरा वाचवा’, पाठीवर प्रायोजकांची नामावळी. कॉलर उलटून पाहिली, तर आतल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत असते : १०० टक्के पॉलिस्टर. म्हणजे खनिज तेलापासून काढलेला धागा. दर धुण्याला त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातात. वसुंधरेचे काय व्हायचे ते होवो, टी-शर्ट मात्र पणतवंडांनाही पुरेल.

बरे, सुती घ्यावा, तर एका टी-शर्टापुरता कापूस पिकवून कापड होईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा हिशेब सांगतात. तेही एकवेळ चालेल. पण मग तो विटेपर्यंत वापरावा ना? छे! एकदा फोटोत दिसलेला कपडा पुन्हा घालायचा म्हणजे चारचौघांत नाचक्की.

आमच्या आज्यांनी पर्यावरणावर कधी भाषण ठोकले नाही. लुगडे विरले की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पायपुसणे. त्यातल्या त्यात बरे कपडे बोहारणीकडे जायचे आणि घासाघीस करून पातेले घरात यायचे. आता तशीच गोधडी काचेच्या शोरूममध्ये ‘अपसायकल्ड’ म्हणून हजारोंना मिळते, आणि आपण ती कौतुकाने विकत घेतो.

निसर्गावर खरेच प्रेम असेल, तर कपाटात आहे तेच घाला. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करत नाही.