आवरते काका

कोथरूड, डोंबिवली, पार्ले पूर्व, कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, हे काका भेटतातच. वय सत्तरीच्या पुढे, बँकेतून निवृत्त, एक गुडघा बदललेला, मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बाणेरला. एके दिवशी सकाळच्या चहाला ते जाहीर करतात, "आपल्या मागे मुलांना त्रास नको. मी आवरायला घेतोय." हेतू उत्तमच. सोसायटीला धडकी भरते ती दुसऱ्या दिवसापासून.

कारण काका वस्तू टाकत नाहीत, देतात. टाकलेली वस्तू घंटागाडीत जाते आणि विषय संपतो. दिलेली वस्तू तुमच्या दारात येते, तिच्यासोबत काका येतात आणि काकांसोबत तिचा इतिहास. चहा तुमचा.

काकांची प्रेरणा परदेशी आहे. स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन या ऐंशी ओलांडलेल्या बाईंनी मरणाआधीच्या आवराआवरीवर पुस्तक लिहिलं, ते २०१७ साली गाजलं. त्यावरचा लेख काकांनी कापून ठेवला, झेरॉक्स काढून नातेवाइकांत वाटला आणि उरलेल्या प्रती 'लागतील कधीतरी' म्हणून माळ्यावर टाकल्या. माळा आवरायला चढले होते तेव्हाच.

त्याच माळ्यावरून तांब्याचा बंब उतरला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याच्या दारात उभा राहिला.

"काका, आमच्याकडे गीझर आहे."

"वीज गेली तर?"

"गॅसचा आहे."

"गॅस संपला तर?"

"पण बंबाला लाकडं कुठून आणायची?"

"ती आहेत ना माझ्याकडे! १९९१ साली फर्निचर केलं, तेव्हाच्या ढलप्या जपून ठेवल्यात. पोतं संध्याकाळी आणून देतो."

पोतं आलं. बंब आता त्या दोन खोल्यांत हॉलच्या मधोमध उभा आहे आणि ते दोघे त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जातात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी काका तपासणीला आले. चिंच लावून घासलेला नव्हता. काही बोलले नाहीत, नुसतं बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. दिलेल्या वस्तूवरचा काकांचा हक्क संपत नसतो.

स्टीलच्या भांड्यांचं प्रकरण याहून बिकट. प्रत्येकावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत नाव कोरलेलं, 'वास्तुशांतीप्रीत्यर्थ सप्रेम भेट'. दुसऱ्याचं नाव असलेला डबा तिसऱ्याला कसा द्यायचा? म्हणून काकांनी ज्याचा डबा त्याला, नाही तर त्याच्या वारसाला परत करायची मोहीम काढली. वारसही पक्के. त्यांनी आपापले कट्टे उघडून काकांच्या नावाची भांडी शोधली आणि त्याच पिशवीतून परत धाडली. सहा डबे गेले, नऊ भांडी आली. त्यांत एक परात होती. ती आता बाणेरला जाणार आहे. बाणेरला अजून माहीत नाही.

दिवाळी अंकांचे गठ्ठे मात्र काका खरोखर काढायला निघाले होते. रद्दीवाला आला, ताणकाटा अडकवला आणि वरच्याच अंकातली एक कथा काकांच्या नजरेला पडली. काका जमिनीवर बसून वाचू लागले. रद्दीवाला जिन्यात बसला. पुढे काकांनी त्याला १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी काढलेल्या 'मनोरंजन'च्या दिवाळी अंकापासून परंपरा समजावून दिली. तो बिचारा निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत रद्दी नव्हती, वाचायला दिलेले दोन अंक होते, परतीच्या बोलीवर.

घर खरं आवरलंय काकूंनी. बोहारीण आली की काकांची एखादी पँट निमूटपणे जाते आणि घरात प्लास्टिकचं घमेलं येतं. काका पँट शोधतात. काकू म्हणतात, "तुम्हीच दिली असेल कुणाला तरी." यावर काकांपाशी उत्तर नसतं.

आणि या सगळ्या धामधुमीत कपाटातल्या हिरव्या फाइलला कोणी हात लावलेला नाही. नोकरीत असताना काका काउंटरवर प्रत्येकाला बजावायचे, "नॉमिनी लावलाय का?" त्यांच्या स्वतःच्या दोन खात्यांना नाही. फाइलीत शेअरची कागदी सर्टिफिकेटं आहेत. १ एप्रिल २०१९ पासून डिमॅट केल्याशिवाय ती विकता येत नाहीत आणि सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअर सरकारच्या निधीत जातात, हे काका सगळ्या सोसायटीला सांगतात. न्यू जर्सीहून मुलगा रजा टाकून यायचा तो या फाइलीपायी, बंबापायी नव्हे. बंब त्याने भंगारात दिला असता.

काकूंनी एकदा विषय काढला. "मृत्युपत्र तेवढं करून टाका. साधा कागद चालतो, स्टॅम्पसुद्धा लागत नाही."

"दिवेलागणीला काय अभद्र बोलतेस! मला काय धाड भरलीय?"

"मग हे आवरणं कशासाठी चाललंय?"

"ते मुलांसाठी."

काकूंनी हट्ट सोडलेला नाही. दोन साक्षीदार लागतात, ते त्यांनी गाठूनही ठेवलेत. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं सही करायला एका पायावर तयार आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की मृत्युपत्रात बंब स्पष्ट शब्दांत मुलाच्या नावावर लिहावा आणि ढलप्या सुनेच्या.