कॅफेचे शेठ

चिरनेर-पनवेल पट्ट्यात कॅफेच्या गल्ल्यावर बसलेले शेठ उद्धट असतात, ही मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकांची तक्रार मुळातच चुकीची आहे. शेठ उद्धट नसतात; ते दुकानदारच नसतात. मेन्यूकार्डावर पिझ्झ्यापासून पेरीपेरी फ्राइजपर्यंत सगळं असतं, पण कॅपुचिनो मागितली की 'मशीन बंद आहे', कोल्ड कॉफी मागितली की 'दूध आणायला पाठवलंय', आणि मग आहे तरी काय, असं विचारलं की 'मॅगी होईल ना'. एवढं सांगताना शेठची नजर मोबाइलमधल्या क्रिकेटवरून हलत नाही. मॅगी पाच मिनिटांत येते, पण शेजारच्या टेबलावर. कुरकुर केली तर शेठ आत बघून 'अरे, दादांचं बघ रे' असं ओरडतात आणि आतून कोणी ओ देत नाही. बिलात सर्व्हिस चार्ज मात्र नसतो. तो सक्तीने लावू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलवाल्यांना २०२२ साली बजावलं. शेठना त्याची गरजच नव्हती, सर्व्हिसच नसल्यामुळे.

याचं कारण जमिनीत आहे. नवी मुंबईसाठी पनवेल-उरणची भातशेती गेली. बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, तेही १९८४ साली जासईच्या आंदोलनात गोळ्या झेलल्यावर. आज भात लावणाऱ्याच्या नातवाकडे रस्त्याला लागून स्वतःचा गाळा आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या इकडे वळू लागल्या आणि पुतण्या म्हणाला, काका, कॅफे टाकू. गाळ्याला भाडं नाही, म्हणून महिनाअखेरीची धास्ती नाही. भाडं भरणाऱ्याला हसावंच लागतं. शेठना ते ऐच्छिक आहे.

यावर कोणी म्हणेल, हा गर्दीचा दोष. पण मंगळवारी दुपारी सगळ्या कॅफेत दोनच माणसं असतात, त्यातला एक शेठचा मेहुणा, तरी मॅगी शेजारच्याच टेबलावर जाते. कोणी मुंबईतल्या इराणी हॉटेलांचा दाखला देईल. तिथला वेटरही तिरसटच. तो चहा आदळायचा, पण लगेच आदळायचा. कोणी गमतीने म्हणेल, १९३० च्या जंगल सत्याग्रहात ज्या चिरनेरने सरकारला जुमानलं नाही, ते गिऱ्हाइकाला काय जुमानणार? पण २५ सप्टेंबरच्या त्या गोळीबारात आठ जणांनी प्राण दिले. कोल्ड कॉफीसाठी त्यांना मध्ये ओढू नये. एका कॉफीवर दोन तास फोटो काढणारे मुंबईकर शेठचा हुरूप घालवतात, हा आक्षेप मात्र अर्धा मान्य.

उरलेला अर्धा मान्य नाही, कारण हुरूप जिवंत आहे. माघी गणेशोत्सवात पंगत बसली की हेच शेठ घामाने निथळत वाढायला उभे असतात, 'पोट भरलं' हे उत्तर त्यांना चालत नाही, आणि मीठ कोणाला कमी पडलं ते न सांगता कळतं. म्हणजे आदरातिथ्य अंगात आहे, फक्त ते पाहुण्यासाठी राखून ठेवलेलं आहे. पैसे देऊन बसणारा त्यांच्या लेखी पाहुणा ठरत नाही. उपाय त्यामुळे सोपा आहे. शेठच्या सासुरवाडीतली एखादी ओळख काढावी. मशीन ताबडतोब सुरू होतं, दूध येतं, न मागितलेले पापलेटही तळले जातात, आणि मग शेठ बिल घ्यायला काही केल्या तयार होत नाहीत. त्या दिवशीचा तोटा पुतण्या मांडून ठेवतो.