परदेशी थकवा : निगा आणि जोपासना

नेदरलंड्समध्ये नव्याने रुजू झालेल्या मराठी अभियंत्यास पहिल्याच हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर, थकवा प्राप्त होतो. तो कशाने आला हे कळत नाही, आणि हेच त्याचं वैभव. कारण सापडलं की त्याचा आजार होतो, आजाराला गोळी मिळते, माणूस बरा होतो. मग रविवारी घरच्यांशी बोलायला विषय उरत नाही. तेव्हा थकवा अकारण कसा राखावा, एवढंच इथे सांगायचं आहे.

पहिलं पथ्य उन्हाचं. २१ डिसेंबरला ॲमस्टरडॅमात सूर्य पावणेनऊनंतर उगवतो, साडेचारच्या आत मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो. एवढ्या तिरक्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण वाटेतच गळतात. सावळ्या कातडीला तर ते जास्तच लागतात. तिथली आरोग्य परिषद म्हणूनच सावळ्या लोकांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते. आपण मनावर घेऊ नये. ‘आम्ही सोलापूरचे, आम्हाला ऊन शिकवू नका’ असं म्हणावं. जणू लहानपणी खाल्लेलं ऊन मुदत ठेवीत पडून आहे. दुपारी डच सहकारी चीज-ब्रेड खाऊन रिमझिमीतसुद्धा फेरी मारायला निघतात. त्यांच्या नादी लागू नये. ढगाळ दुपारचा उजेडही ऑफिसातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, आणि त्याने शरीराचं घड्याळ ताळ्यावर येण्याचा धोका संभवतो. खिडकीशी बसून ऊन खायला मात्र हरकत नाही. काचेतून ड जीवनसत्त्वाचे ते किरण येत नाहीत.

घड्याळाची गोष्ट आपल्याला उपजतच जमते. देह तिकडे, वेळ पुण्याची. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो, म्हणजे पुण्याच्या टीमची साडेनऊची मीटिंग पहाटे पाचला. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, तर आपण पावणेपाचलाच डोळे चोळत मोबाईल उघडावा. विकायचं-घ्यायचं काही नसलं तरी. आणि मेलबर्नची कसोटी म्हणजे पर्वणीच. २०२४ च्या डिसेंबरात ती भारतात पहाटे पाचला सुरू व्हायची, ॲमस्टरडॅमात रात्री साडेबाराला. दिवसाचा खेळ आटोपला तरी बाहेर काळोखच. पाचव्या दिवशी आपण १८४ धावांनी हरलो, त्यामुळे थकव्याला कारण विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

आहारात शाकाहारी मंडळी भाग्यवान. ब१२ चा यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे पुण्यात सुरू झालेली तूट परदेशात उघडी पडते आणि नाव तिथल्या हवेचं होतं. सोबत जेवणावर लगेच कडक चहा घ्यावा, म्हणजे पालक-मेथीतलं लोह अंगी लागत नाही.

डॉक्टरचा प्रसंग नाजूक. फॅमिली डॉक्टरकडे १० मिनिटं मिळतात. त्यातली सात हवेवर घालवावीत आणि उठता उठता ‘जरा बरं वाटत नाही’ म्हणावं. तो म्हणतो, पॅरासिटामॉल घ्या, दोन आठवड्यांनी बघू. झालं काम. पण ‘दोन महिने झाले, जिना चढताना धाप लागते, झोपून उठलो तरी शीण जात नाही, शाकाहारी आहे’ असं सरळ बोललात, तर तो हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, ब१२ अशा तपासण्या लिहून देईल आणि सगळं उघडं पडेल. सगळं उदास वाटतं, हे तर चुकूनही बोलू नये. त्यालाही उपचार आहेत.

त्यापेक्षा सुट्टीत पुण्याला जाऊन ‘फुल बॉडी चेकअप’ करावा. रिपोर्ट आत्याला, मावशीला, सासऱ्यांना फॉरवर्ड करावा. आत्या म्हणेल नजर लागली, मावशी म्हणेल शिळं खातोस, सासरे नोकरीच बदलायला सांगतील. सगळ्यांना हो म्हणावं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या, आठवड्याला एक अशा, बॅगेत भराव्यात आणि तिकडे गेल्यावर मेतकुटाच्या डब्यामागे ठेवून द्याव्यात.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, दिवस मोठा होतो आणि थकवा ओसरल्यासारखा वाटतो. घाबरू नये. तासाभराची झोप गेलेली असते, तिच्यावर आठवडा सहज निघतो. तोवर बर्चचे परागकण सुरू होतात.