तोंड असलेला प्रत्येक माणूस

साडू हे असं नातं आहे की त्यात माणूस आपण निवडलेला नसतो आणि त्याला नाकारायची सोयही नसते. आमच्या साडूंनी बँकेत ३१ वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि डोंबिवलीतल्या राहत्या घरी थालीपीठाच्या भाजणीचा धंदा सुरू केला. सुरू केला म्हणजे, माझी मेहुणी धान्यं धुते, वाळवते, एकेक वेगळं मंद आचेवर भाजते, गिरणीत जाऊन जरा भरड दळून आणते आणि पुडे भरते. साडू मार्केटिंग बघतात.

"तुमचं गिऱ्हाईक कोण?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तोंड असलेला प्रत्येक माणूस," साडू म्हणाले.

हा गृहस्थ तुमच्याही ओळखीचा असणार. सोसायटीगणिक एक असतोच. कुठे तो अगरबत्ती विकतो, कुठे सेंद्रिय गूळ, कुठे पाणी शुद्ध करायचं यंत्र. निवृत्तीनंतर महिन्याभरात त्याची व्हिजिटिंग कार्डं छापून येतात. पाचशे छापतो आणि त्यातली निम्मी रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांनाच वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या लेखी जग म्हणजे एकच मोठं गिऱ्हाईक. मागे बी विंगमधले एक आजोबा गेले, तेव्हा गटावर साडूंचा निरोप आला: 'भावपूर्ण श्रद्धांजली. ताजी भाजणी आली आहे.'

'सगळ्यांसाठी' या धोरणाचा पहिला दणका दिवाळीत बसला. साडूंनी पुड्यावर छापून घेतलं होतं, 'बहुउपयोगी भाजणी'. वाचणाऱ्या बायकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला आणि चकल्या करायला घेतल्या. चकलीच्या भाजणीत तांदूळ मुबलक लागतो. थालीपीठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, गहू यांचा भरणा. अनारसा तेलात हसतो हे महाराष्ट्राला ठाऊक आहे; त्या वर्षी डोंबिवली पूर्वेला चकली हसली. चार घरांतून फोन आले. साडूंनी चौघींनाही तेलाच्या तापमानावर व्याख्यान दिलं.

पुढे ग्राहकपेठेत तीन दिवसांचा गाळा घेतला. भाडं ६,००० रुपये. चवीला म्हणून मेहुणी तव्यावरून थालीपीठं उतरवत होती आणि साडू तुकडे पुढे करत होते. एका आजींनी विचारलं, "उपवासाला चालेल का हो?"

"न चालायला काय झालं!" साडू म्हणाले. मेहुणीने हात लांब करून पुडा काढून घेतला, म्हणून आजींची एकादशी वाचली.

त्या तीन दिवसांत गाळ्यावर येणाऱ्यांच्या जाती मला कळल्या. पहिली जात चवीवाल्यांची. हे तुकडा खातात, डोळे मिटतात, "वा!" म्हणतात आणि शेजारच्या गाळ्यावर लोणचं चाखायला जातात. दुसरी प्रमाण विचारणाऱ्यांची. "धणे किती घेता? मेथी घालता का?" साडू फुशारून सगळं सांगतात, बाई मोबाइलमध्ये टिपून घेते, आणि तिला पुडा विकत घ्यायचं कारणच उरत नाही. तिसरी जात "आमच्याकडे घरीच करतात" वाल्यांची. साडूंचा जास्तीत जास्त वेळ या तिघांवर गेला, कारण ते गोड बोलत होते. एक कपाळाला आठ्या घातलेला मनुष्य मात्र "कधी भाजलीय? वास तर येत नाहीये," असं कुरकुरत आला आणि दोन पुडे घेऊन गेला. त्याच्याकडे साडूंचं लक्षही नव्हतं. तीन दिवसांची विक्री झाली २,८४० रुपये.

मग साडू 'आदर्श ग्राहक ओळखा' या दोन दिवसांच्या शिबिराला गेले. परत आले ते विद्वान होऊन. वेंडेल स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने १९५६ सालीच सांगून ठेवलंय की सगळा बाजार एका मापाने मोजू नये, त्याचे भाग पाडावेत. पुढे अ‍ॅलन कूपर या संगणकवाल्याने १९९९च्या पुस्तकात मांडलं की वस्तू वापरणारा एक काल्पनिक माणूस, अगदी नावगावासकट, डोळ्यांपुढे ठेवून काम करावं. मला हे पटलं. अडचण एवढीच झाली की साडूंनी आपला काल्पनिक माणूस कल्पनेतूनच काढला.

तिचं नाव सौ. आदर्श. वय ३४, आयटीत नोकरी, दोन मुलं, पहाटे योगासनं. मासिकातलं एक हसरं चित्र कापून साडूंनी फ्रिजवर लावलं. त्यानंतर घरात काहीही ठरवायचं तर सौ. आदर्शना विचारल्याशिवाय नाही. "तिखट कमी कर, आदर्शना चालणार नाही." "पिवळी पिशवी नको, आदर्शना गबाळी वाटेल." मेहुणी एकदा म्हणाली, "माझं कधी एवढं ऐकलं असतं, तर संसार सोन्याचा झाला असता." संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलेलं साडूंच्या कानावर आलं होतंच. पुड्यावरचं 'थालीपीठ भाजणी' जाऊन 'हेरिटेज मल्टिमिलेट मिक्स' आलं आणि भाव दुप्पट झाला. जुनी गिऱ्हाइकं दुकानात पुडा हातात घेत, उलटसुलट करत आणि "भाजणी संपली वाटतं," म्हणून परत ठेवत.

पुढच्या प्रदर्शनात खरोखरच सौ. आदर्श आली. तेच वय, तेच हसू, खांद्याला योगासनांची गुंडाळलेली चटई. साडू उठून उभे राहिले. तिने पुडा वाचला आणि विचारलं, "ग्लुटेन-फ्री आहे ना?" आत गहू होता. सौ. आदर्श गेली. साडू दोन दिवस फ्रिज उघडताना मान खाली घालत होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, काल्पनिक बाई चालते, पण ती कुणावरून तरी बेतलेली हवी. ऐंशीच्या दशकात स्वस्त निरमापुढे महागडा सर्फ विकायचा होता, तेव्हा अ‍ॅलेक पदमसींनी ललिताजी उभी केली. ती त्यांना सुचली स्वतःच्या आईवरून. भाजीवाल्याशी पैशापैशासाठी घासाघीस करणारी, पण चांगल्या वस्तूला पैसे मोजताना न कचरणारी आई. मासिकातून कापलेली नव्हती ती."

मग मी त्यांना संध्याकाळी सातला स्टेशनबाहेर घेऊन गेलो. पुलाच्या पायथ्याशी एक बाई बसते. तिच्याकडे निवडलेली मेथी, मोडलेली गवार, सोललेला लसूण, मोड आलेली मटकी, सगळं पाव-पाव किलोच्या पिशव्यांत. तिने कसलं शिबिर केलेलं नाही. पण गाडीतून उतरणाऱ्या बाईला घरी जाऊन तासाभरात स्वयंपाक उरकायचाय, तिच्या एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात छत्री आहे, आणि थांबायला तिच्याजवळ अर्धं मिनिट आहे, हे तिला पक्कं माहीत. गाडी आली की ती ओरडतसुद्धा नाही. पिशवी पुढे करते, सुटे तयार ठेवते. कुणी पुरुष "केवढ्याला?" म्हणून रेंगाळला तर त्याच्याकडे बघतही नाही. साडू तासभर तिथे उभे होते. परत येताना गप्प होते, म्हणजे काहीतरी आत गेलं असावं.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच मेहुणीची उधारीची वही मागितली. पुडा पुन्हा पुन्हा कोण नेतं, एवढंच बघायचं होतं. सतरा घरं निघाली. मेहुणीच्या अक्षरात समोर शेरे होते: 'गुडघे दुखतात, भाजायला उभं राहवत नाही.' 'सासूबाई गेल्यापासून.' 'मुलगा बंगळूरला, पार्सल.' 'दात नाहीत, दळण बारीक.'

साडूंनी चष्मा पुसला. बँकेत ताळेबंद जुळल्यावर यायचा तसा आवाज आला. "अहो, भाजणी माहीतच नसलेलं यात एकही घर नाही. आणि स्वतः करू शकणारंही एक नाही. ज्या घरात एकेकाळी भाजणी व्हायची आणि आता होत नाही, तेच आपलं गिऱ्हाईक!"

"आणि सगळे नावं ठेवणारे," मेहुणी म्हणाली. "आमच्या आईच्या भाजणीला काय वास यायचा, असं म्हणतात आणि पुढच्या महिन्यात परत येतात."

साडूंनी कागद घेतला आणि नवा आदर्श ग्राहक लिहायला बसले. "वय पंचावन्नच्या पुढे. आई उत्तम भाजणी करायची. बायको करत नाही. स्वतः गिरणीची पायरी चढत नाही. दर खेपेला काहीतरी खोट काढतो आणि महिन्याच्या आत पुडा संपवतो…" बोलता बोलता ते थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मेहुणीनेही बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"भाऊजी, तुमचं पान शेवटी आहे," मेहुणी म्हणाली.

तीन वर्षं, दरमहा अर्धा किलो, पुडा १२० रुपये. एकूण ४,३२०. मला वाटत होतं, पुडे नात्यापोटी येतायत. शेरा होता: 'ताई मागत नाही, हे मागतात.'

पैसे मी जागच्या जागी मोबाइलवरून पाठवले. वर एवढंच म्हणालो की या खेपेची जरा कमी भाजली गेलीय. साडूंनी तेही आनंदाने लिहून घेतलं.

आता पुड्यावर पुन्हा 'थालीपीठ भाजणी' आलंय, पिशवी पिवळी आहे, आणि खाली लहान अक्षरांत 'चकलीसाठी नाही'. फ्रिजवरून सौ. आदर्श गेली आणि तिच्या जागी माझा फोटो लागला. पुतणीच्या लग्नातला आहे, पंगतीतला. त्यात डोळे मिटलेले आहेत, हात अर्धवट वर आहे आणि चेहरा म्हणून दिसतं ते फक्त उघडलेलं तोंड.