दोन दिवसांची पत

मनुष्याची पत म्हणजे त्याच्यापाशी असलेले द्रव्य, असा जो ढोबळ समज आहे तो अर्थशास्त्र्यांनी खुशाल बाळगावा. प्रस्तुत लेखकाची पत मात्र, धनादेश लिहिल्याची घटका आणि तो वटण्याची घटका यांच्यामध्ये जे दोन दिवसांचे निवांत अंतर असे, त्याच्यावरच आजवर उभी होती. महिन्याच्या अखेरच्या तारखेस सोसायटीच्या खजिनदारांच्या हाती ऐटीत धनादेश ठेवावा, त्यांनी तो सवडीने बँकेत भरावा, तेथून तो रमतगमत आमच्या बँकेकडे यावा, आणि तो खात्याच्या दाराशी येऊन ठेपेपर्यंत एक तारखेचे निवृत्तिवेतन आत शिरून कडी लावून बसलेले असावे, हा क्रम इतका बिनबोभाट चालला होता की त्यात काही जोखीम आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

या सुखावर रिझर्व्ह बँकेची नजर पडली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे गठ्ठे बांधून त्यांचा एकत्र निवाडा करण्याची जुनी रीत बंद झाली. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात भरलेल्या धनादेशाची प्रतिमा तत्काळ पुढे धाडायची, आणि ज्याच्यावर तो काढला त्या बँकेने फार तर सायंकाळी सातपर्यंत होय किंवा नाही ते सांगून टाकायचे, असा दंडक आला. हे वर्तमान मी वृत्तपत्रात वाचले होते आणि देशाच्या प्रगतीबद्दल समाधानही मानले होते. ती प्रगती माझ्या खात्यापर्यंत येईल, हे मात्र ध्यानात आले नाही.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेस, शुक्रवारी, मी नेहमीच्या ऐटीत धनादेश दिला. आमचे नवे खजिनदार हे तरुण, तत्पर आणि म्हणून धोकादायक गृहस्थ आहेत. साडेदहाला ते बँकेच्या दारात होते, आणि सायंकाळी मी दिवेलागणीचा चहा घेत असता मोबाइलवर संदेश उमटला की आपला धनादेश अपुऱ्या शिलकीमुळे परत करण्यात आला आहे. पूर्वी हुंडी न सकारता आलेला सावकार भरदिवसा पेढीवर दिवा लावी आणि त्यावरून ‘दिवाळे’ शब्द आला, असे म्हणतात. माझा दिवा त्या चिमुकल्या पडद्यावर लागला, एवढाच काय तो कालमानाचा फरक.

मला खरा सल आहे तो भाषेचा. पूर्वीच्या बँका धनादेश परत करीत तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर ‘रेफर टू ड्रॉवर’, म्हणजे ‘काढणारासच विचारावे’, असा मजकूर असे. जणू कारण ठाऊक आहे, पण ते चारचौघांत उच्चारणे कुलीनांस शोभत नाही. ‘एक्सीड्स अरेंजमेंट’ म्हटले की पंगतीला पानांहून पाहुणे अधिक झाल्यासारखे वाटे. ‘इफेक्ट्स नॉट क्लिअर्ड, प्रेझेंट अगेन’ यात तर, खात्यात रक्कम आली आहे पण अजून वसूल व्हायची आहे, म्हणून पुन्हा येऊन पाहा, असे मायेचे आमंत्रणच होते. माझ्या वाट्याला आले ते ‘फंड्स इनसफिशियंट’. भर पेठेत कोणी धोतराचा सोगा ओढावा, तसे हे दोन शब्द.

त्यावर दंड झाला. माझ्या बँकेने परत करण्याचे शुल्क घेतले, त्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर घेतला, आणि सोसायटीच्या बँकेने सोसायटीकडूनही आपली दस्तुरी वसूल केली. जो व्यवहार झालाच नाही त्याची दोन्हीकडून दलाली घेणारा याखेरीज दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

रात्री झोप येईना म्हणून कायदा काढून बसलो, हा दुसरा प्रमाद. पराक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चा; त्यात शतकभर धनादेश न वटणे हा फौजदारी गुन्हा नव्हता. १९८८ साली त्याला १३८ वे कलम जोडले गेले आणि ते १९८९ च्या एक एप्रिलला अमलात आले. तारीख पाहून कोणी हसले असेल तर ते फार काळ हसले नसावे, कारण आता शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र कायदा दयाळूही आहे. धनादेश परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत धनकोने लेखी नोटीस द्यावी, ती पोचल्यापासून पंधरा दिवसांत ऋणकोने पैसे भरावेत, आणि न भरले तरच फिर्याद. शिवाय हे सारे कायदेशीर देण्यापुरते. भाच्याच्या लग्नात अहेर म्हणून दिलेला धनादेश परत आला तर तुरुंग नाही, केवळ बहीण आहे.

“अहो, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?” सकाळी सौभाग्यवती म्हणाल्या, “आणि धनादेशावर एक तारीख घालायला काय झालं होतं?” पुढची तारीख घातलेला धनादेश त्या दिवसाआधी बँक वटवीत नाही, ही गोष्ट मला ठाऊक होती. पण पुढची तारीख घालणे म्हणजे आज खिशात काही नाही अशी कबुली स्वहस्ते लिहून देणे, आणि ती टाळण्यासाठी मी अब्रूची ही शोभा करून घेतली होती.

बाकीच्या खाचखळग्यांतून मी आजवर कसा सुटलो, याचेच आता नवल वाटते. २०१२ पासून धनादेशाचे आयुष्य सहा महिन्यांवरून तीनवर आले आहे. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळली नाही तर अक्षरी खरी धरावी असे कायदा म्हणतो, पण बँका बहुधा धनादेशच परत धाडतात. तारखेखेरीज कुठे खाडाखोड चालत नाही, मग तिच्याशेजारी कितीही सह्या करा. आणि माझी सही तर, बँकेत नमुना दिला तेव्हा तिशीतली होती. आता तिला संधिवात झाला आहे. सोमवारीच जाऊन नवा नमुना देऊन आलो.

खजिनदारांनी दुसरा धनादेश हसून घेतला. “काका, होतं असं कधीकधी,” म्हणाले, आणि पावती फाडून दिली. धनादेश वटल्यानंतरच पावती ग्राह्य, ही ओळ तिच्या तळाशी बारीक अक्षरात नेहमीच छापलेली असते. या वेळी तिच्याखाली तांबड्या शाईने रेघ ओढली होती.