कन्सोलग्रस्त

धरणग्रस्तांची, पूरग्रस्तांची सरकारदरबारी नोंद असते. कन्सोलग्रस्ताला मात्र आपलं आपणच सांगत फिरावं लागतं, आणि ते तो मन लावून करतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी आयटीत किंवा बँकेत. मुक्काम ठाणे, डोंबिवली, नाहीतर कोथरूड. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला, की मसालेभात वाढून होईस्तोवर गप्प असतो आणि मग हळूच विचारतो, "तुमचं कधी रेड रिंग झालं होतं?" समोरच्याला तो त्वचेचा आजार वाटतो. त्यावर तो खूश होतो, कारण आता पहिल्यापासून सांगता येतं.

गेम किती पूर्ण केलेस, असं मात्र त्याला विचारू नये. विषय बदलतो.

त्याच्या तक्रारीची मुंज पिवळ्या कॅसेटवर झाली. नव्वदच्या दशकातलं ते नकली व्हिडिओ गेमचं मशीन, लेबलावर '९९९९९९ इन १' आणि आत तेच सात-आठ गेम नावं बदलून फिरून भेटणारे. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या की कॅसेट काढायची, फुंकायची आणि परत खुपसायची. फुंकरीने खरं तर काही होत नसे. काढून पुन्हा बसवताना पिना नव्याने टेकायच्या, म्हणून ती चालायची. उलट फुंकरीतल्या ओलाव्याने पिना खराब होतात, फुंकू नका, असं खुद्द निन्टेन्डो आपल्या कॅसेटींबद्दल सांगत असे. हे त्याला आज तोंडपाठ आहे. तरी रिमोटच्या सेलपासून बायकोच्या एटीएम कार्डापर्यंत सगळं तो आधी फुंकतो.

२००६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० भारतात आला. जाहिरातीत अक्षयकुमार आणि युवराज सिंग. ह्याने पहिल्या पगारांतून पैसे साठवून घेतला आणि महिन्याभरात लॅमिंग्टन रोडला नेऊन 'फ्लॅश' करून आणला, म्हणजे शंभर रुपयांच्या सीडी चालाव्यात. सील तिथेच तुटलं. मग एके रात्री पॉवरच्या बटणाभोवतीच्या चार हिरव्या पाकळ्यांपैकी तीन लाल झाल्या.

इथे तो आवाज खाली आणतो. चारही पाकळ्या लाल झाल्या, तर टीव्हीची केबल निसटलेली असायची. केबल दाबली की झालं. तीन झाल्या की मशीन गेलं. पाऊण तास तो त्या वर्तुळासमोर मांडी घालून बसला होता आणि चौथी पाकळी पेटावी म्हणून गणपतीला सांगत होता. पेटली नाही. मग कुणीतरी टॉवेलचा उपाय सांगितला. मशीन टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळायचं आणि तसंच चालू ठेवायचं. आत इतकं तापतं की तडकलेले सांधे तात्पुरते चिकटतात. आईचा पंढरपुरी टॉवेल घेऊन त्याने तापाने फणफणलेल्या पोरासारखं ते मशीन गुंडाळून मांडीवर घेतलं. आई दारातून बघत होती. "दूध देऊ का रे त्याला?" म्हणाली. चाललं ते, दोन दिवस. मग कायमचं गेलं. टॉवेलला वास राहिला.

२००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने ह्या तीन पाकळ्यांसाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापायी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. ह्याचं सील तुटलेलं, त्यामुळे ह्याला त्यातला छदामही मिळाला नाही. तरी तो आकडा सांगताना ह्याची मान ताठ होते. जणू त्याच्या एकट्याच्या मशीनसाठी ती तरतूद होती. मशीन तापून-निवून आतले सांधे तडकत होते, हे कंपनीच्या माणसांनी २०२१ च्या माहितीपटात उघडपणे सांगितलं, आणि त्याच सुमारास त्या लाल वर्तुळाचं पोस्टर २४.९९ डॉलरला विकायलाही काढलं. ज्याने घर बुडवलं त्याचाच फोटो विकत घ्यायचा, ही सोय आपल्याकडच्या एकाही बिल्डरला सुचलेली नाही. ह्याने न्यू जर्सीच्या मावसभावाकडून पोस्टर मागवलं, फ्रेम केलं आणि हॉलमध्ये लावलं. बायकोने ते बाथरूमच्या पॅसेजात हलवलं. पाहुण्यांना वाटतं गीझर चालू आहे.

त्यानंतर तो सोनीच्या गोटात गेला. जुना, जाडा प्लेस्टेशन ३. ह्या खेपेला बिलासकट, सील शाबूत. १ मार्च २०१० ला धुळवड होती, सुट्टी होती, आणि त्याने रंग खेळायला जायचं टाळलं होतं. मशीन लावलं तर तारीख ३१ डिसेंबर १९९९. आतल्या घड्याळाने २०१० हे लीप वर्ष धरलं होतं आणि २९ फेब्रुवारीच्या शोधात ते भरकटलं होतं. जगभरची जाडी मशिनं त्या दिवशी अशीच अडली. सोनीने सांगितलं, जुनं मशीन दिवसभर लावूच नका. "एवढी मोठी कंपनी," आई म्हणाली, "आणि घरात एक कालनिर्णय नाही?" दुसऱ्या दिवशी तारीख पुढे सरकली आणि मशीन आपोआप सुधारलं, ह्याचंच त्याला वाईट वाटलं. त्याने स्क्रू काढायला घेतले होते.

पण त्याच्या आयुष्यातला सुवर्णकाळ २०११ चा एप्रिल. त्या महिन्यात चोर प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये शिरले. २० तारखेला सोनीने नेटवर्क बंद केलं आणि २६ ला जाहीर केलं, की ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती गेली: नाव, पत्ता, जन्मतारीख, ईमेल, पासवर्ड. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आत-बाहेर निघाली होती. "म्हणजे दोन तृतीयांश महाराष्ट्र लुटला गेला म्हण," तो सांगतो, "आणि त्यात मी." त्यातला 'मी' तो जरा लांबवतो.

आता मुद्द्याचं. ह्याचं खातं अमेरिकेचं होतं, कारण तिकडच्या स्टोअरमध्ये माल जास्त. पत्ता विचारला तेव्हा ह्याला ठाऊक असलेला एकमेव अमेरिकन पिनकोड टीव्हीवरचा होता. त्यामुळे चोरांच्या हाती लागला तो बेव्हर्ली हिल्स ९०२१० मध्ये राहणारा, मधलं नाव शशिकांत असलेला गृहस्थ. जन्मतारीख खोटी, फोन खोटा, कार्ड दिलेलंच नव्हतं. पासवर्ड तेवढा खरा होता, आणि तोच ऑर्कुटला, तोच रेल्वेच्या तिकिटांना, तोच बँकेला. सोनीकडे पासवर्ड उघडे नव्हते, त्यांचं गणिती रूपांतर करून ठेवलेलं होतं. एवढ्या आधारावर तो निर्धास्त राहिला आणि नेटवर्क परत आल्यावर बदलायलाच लागला तेव्हा त्याने शेवटी १ लावला.

गंमत म्हणजे सोनीच्या निष्काळजीपणावर सगळ्यात तिखट भाषण हाच करतो. २०१० च्या डिसेंबरात बर्लिनच्या हॅकरांच्या मेळाव्यात काही पोरांनी दाखवून दिलं होतं, की प्लेस्टेशन ३ च्या डिजिटल सहीत दर वेळी जो नवा, यादृच्छिक आकडा घ्यायला हवा, तो सोनी दर वेळी तोच घेत होती. त्यावरून गुप्त किल्ली हिशेबाने काढता आली. "दर वेळी तोच आकडा!" तो टेबलावर हात आपटतो. "शाळेतलं पोर तरी असं करेल का?" हे बोलत असताना दुसऱ्या हाताने तो फोनमध्ये पासवर्ड टाकत असतो. कोणता, ते घरातल्या कामवाल्या मावशींनाही माहीत आहे.

अमेरिकेत नेटवर्क तेवीस दिवस बंद होतं. भरपाई म्हणून यादीतले दोन गेम फुकट आणि महिनाभर 'प्लेस्टेशन प्लस'ची वर्गणी माफ. त्याने 'लिटल बिग प्लॅनेट' आणि 'इनफेमस' निवडले, उतरवून घेतले, आजतागायत उघडले नाहीत. त्याला खरी भरपाई १ मेला मिळाली. टोकियोत काझुओ हिराई आणि सोनीचे आणखी दोन अधिकारी पत्रकारांसमोर उभे राहिले आणि कमरेतून वाकले. ह्या माणसाला जन्मात कुणी सॉरी म्हटलेलं नव्हतं. चुकीचं बिल आलं तर आधी भरा म्हणायचे, खड्ड्यात स्कूटर गेली तर नीट चालवत जा म्हणायचे. आणि इथे जपानातले सुटाबुटातले तीन साहेब त्याच्यासमोर वाकलेले. तो फोटो त्याने ऑफिसच्या प्रिंटरवर काढून पाकिटात ठेवला. मला वाटतं त्या दिवसापासून तो बिघडला. गेम चालला तर गेम मिळतो. बंद पडला तर कुणीतरी वाकण्याची शक्यता असते.

२०१३ च्या जानेवारीत ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने त्याच चोरीबद्दल सोनीला अडीच लाख पौंड दंड केला. ह्याने लगेच जगभरच्या खात्यांनी भागून माणशी पावलीच्या आसपास हिशेब काढला. दंड सरकारी तिजोरीत जातो, शिवाय पावली आपल्याकडे तोवर चलनातून बाद झालेली. तरी ती येणं आहे, असं तो धरून चालतो.

अलीकडच्या बिघाडांवर त्याचा जीव रमत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन नेटवर्क साधारण दिवसभर बसलं. ऐन शनिवार. सकाळी सहाला त्याने मित्रांना फोन करून उठवलं. शेवटी कंपनीने 'कामकाजातली अडचण' एवढंच सांगितलं आणि पाच दिवस प्लस वाढवून दिलं. चोर नाही, आकडा नाही, कुणी वाकलं नाही. "पाच दिवस?" तो कितीतरी वेळ पुटपुटत होता. तरी खबरदारी म्हणून पासवर्ड बदलला. आता शेवटी १२३४ आहे.

घरात सध्या पोराचा निन्टेन्डो स्विच आहे. दुबईच्या आत्याने आणलेला. गेल्या आठवड्यात मारिओ कुणी हात न लावता डावीकडे चालायला लागला आणि दरीत पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. पोर रडायला लागलं आणि बापाच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी तेज आलं. "ड्रिफ्ट!" तो म्हणाला. काडीखालचा कार्बनचा पट्टा झिजला की असं होतं, जगभर बोंब झाली होती, २०२० मध्ये निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त केली होती, हे सगळं त्याने पोराला सांगितलं. पोर म्हणालं, "बाबा, नवीन घेऊ या ना." ह्याला ते ऐकूच आलं नाही. तो तीन पाकळ्यांच्या स्क्रूचा पेचकस शोधत होता.

स्विचची काडीवाली मूठ, म्हणजे जॉय-कॉन, त्याने उघडला. पोर तोवर खाली क्रिकेटला गेलं. मोहरीएवढे चार स्क्रू त्याने वाटीत काढले आणि चौथा उडाला. दोन दिवस झाले, हॉलमध्ये चपला घालून यायला बंदी आहे, पंखा बंद आहे, आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसते.

"दादा, आज केर काढू?" मावशींनी दारातूनच विचारलं.

"आज नको, मावशी."

"मग खाडा धरू नका," त्या म्हणाल्या आणि बाथरूमकडे वळता वळता थांबल्या. "आणि तो गीझर बंद करा. कधीचा लाल दिसतोय."